मागच्या मोनोशॉकची स्प्रिंग बदलू का? दोघं आणि सामान घेतलं की गाडी बसतेच

घाटवाट_भांडुप

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ६५० ची ट्विन सिलिंडर टूरर आहे, मागे लिंकेजवाला (चाक आणि शॉकअप जोडणाऱ्या दांड्यांचा) मोनोशॉक, म्हणजे एकच शॉकअप, बाजूला प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, फिरवायचा नॉब. चार वर्षं झाली, ३८ हजार किलोमीटर. एकटा फिरतो तेव्हा काही म्हणजे काही तक्रार नाही, पण बायको मागे, दोन्ही बाजूला पॅनियर, वर टॉप बॉक्स असं निघालो की मागची बाजू पार बसते.

गेल्या गणपतीत गुहागरला जात होतो. माणगावच्या अलीकडे एका डायव्हर्जनला डांबर संपून एकदम खडी लागली, वेग असेल चाळीसचा, आणि खालून असा ठाण्णकन आवाज आला की मला वाटलं काहीतरी तुटलं. बायको सीटवरून उचलली गेली आणि परत आदळली. बोलली काहीच नाही, पण चिपळूणला चहाला थांबलो तेव्हा कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं तशीच उभी होती, बसलीच नाही. तिला कमरेच्या मणक्याचा त्रास आधीपासून आहे. तेव्हापासून तिला मागे बसवायचं म्हटलं की प्रत्येक स्पीडब्रेकरला माझ्याच पोटात गोळा येतो.

तीन ठिकाणी दाखवून झालं. एकाने सांगितलं प्रीलोड फुल्ल टाका. टाकला, बसणं थोडं कमी झालं पण एकटा चालवताना गाडी दगडासारखी लागते आणि जोरात ब्रेक मारला की मागचं चाक रस्ता सोडतंय असं वाटतं. दुसऱ्याने सांगितलं अख्खा शॉकअप बदला, बाहेरून मागवा, आकडा ऐकला आणि गप्प घरी आलो. तिसरा म्हणाला कुर्ल्याला सीएसटी रोडवर कुठल्यातरी गाडीची जाड स्प्रिंग बघू, नाहीतर आहे त्याचाच एक वळसा कापू, झटक्यात काम होईल.

तर मला विचारायचंय की नुसती स्प्रिंग बदलून भागतं का, भागत असेल तर किती कडक घ्यायची हे ठरवायचं कसं, आणि घरी करायचं काम आहे का हे. वजनं अशी, मी ७४, माझं जॅकेट-हेल्मेट-बूट ६, बायको ५८, तिचं ५, सामान २० च्या आसपास.

नट_बोल्ट_ठाणे

भाऊ, पाकीट नंतर काढा, आधी मीटर टेप काढा. शॉकअपच्या बाबतीत लोक सगळ्यात आधी खर्च करतात आणि सगळ्यात शेवटी मोजतात, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत लटकलं पाहिजे. ॲक्सलच्या मधोमध टेप धरा, तिथून सरळ वर मागच्या पॅनेलवर कुठेतरी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून पेनाने रेघ मारा. या दोन खुणांमधलं अंतर लिहून ठेवा. मग गाडी स्टँडवरून उतरवून सरळ उभी धरा, रिकामी, आणि परत मोजा. मग तुम्ही जॅकेट-हेल्मेट सगळं घालून बसा, दोन्ही पाय फूटपेगवर, पुढून कोणीतरी हँडल धरायला हवं, तिसऱ्या माणसाने मोजायचं. मग बायको आणि सामान, परत मोजायचं. दर वेळी मागून गाडी एकदा दाबून हळू सोडायची आणि मोजायचं, एकदा वर उचलून हळू सोडायची आणि मोजायचं, दोन्हीच्या मधला आकडा घ्यायचा, कारण सील आणि बेअरिंगच्या घर्षणाने चार-पाच मिमी इकडे तिकडे होतात. हे सगळं प्रीलोड कमी असताना एकदा आणि फुल्ल असताना एकदा.

चाक लटकतं तिथपासून गाडी किती खाली बसली त्याला सॅग म्हणतात. तुमच्या गाडीचा मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक एकूण किती वर-खाली होऊ शकतं ते, मॅन्युअलमध्ये दिलेला असेल, बघून घ्या. माणूस बसल्यावर त्याच्या ३० ते ३५ टक्के सॅग हवा, आणि रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने १० ते २० मिमी बसायला हवी. हा रिकाम्या गाडीचा आकडा लोक मोजतच नाहीत आणि खरं उत्तर तिथेच असतं.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या पहिल्या गॅरेजवाल्याने सांगायला हवी होती. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गादीखाली वीट ठेवली तर पलंग उंच होतो, गादी तितकीच मऊ राहते, तसंच आहे हे. एक मिमी दाबायला ९ किलो लागणारी स्प्रिंग नॉब कुठेही असला तरी पुढच्या प्रत्येक मिमीला ९ च किलो मागणार. नॉब फक्त गाडी उभी कुठे राहते ते बदलतो.

घाटवाट_भांडुप

दादा, काल रात्री बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये केलं. मेव्हणा पुढे, भाचा टेप घेऊन खाली, पॅनियरमध्ये दहा-दहा किलोच्या तांदळाच्या पिशव्या. ट्रॅव्हल १७० मिमी आहे.

चाक लटकलेलं असताना ६१२. नॉब कमीवर, रिकामी गाडी ५९४. मी बसलो तेव्हा ५५६. बायको आणि तांदूळ धरून ५०२. मग नॉब फुल्ल केला, रिकामी गाडी ६१२ च, हललीच नाही, एकटा ५८३, दोघं आणि सामान ५२९.

तांदळासकट दोघं बसल्यावर भाचा खालून म्हणाला, मामा मडगार्ड टायरला टेकतंय जवळजवळ. मी उतरून बघितलं, तीन बोटंसुद्धा जात नव्हती मध्ये.

नट_बोल्ट_ठाणे

बघा, आता सगळं समोर आलं.

नॉब कमीवर एकटे बसलात तेव्हा सॅग ५६, म्हणजे १७० चे ३३ टक्के, आणि रिकामी गाडी १८. यात नाव ठेवायला जागा नाही, स्प्रिंग एका माणसाच्या वजनाला बरोबर आहे, गाडीत दोष नाही. दोघं आणि सामान मिळून सॅग ११०, म्हणजे ६५ टक्के ट्रॅव्हल गाडी जागेवर उभी असतानाच खाऊन बसली, खड्ड्यासाठी उरले ६०. लिंकेजमधून चाकाचे ६० म्हणजे शॉकअपच्या रॉडचे वीस-बावीस मिमी. माणगावला जो ठाण्णकन आवाज आला तो त्या वीस मिमीच्या शेवटचा.

नॉब फुल्ल करून ८३ वर आलात, तरी निम्मा ट्रॅव्हल गेलेलाच. आणि त्याच वेळी रिकामी गाडी शून्य, म्हणजे स्प्रिंग इतकी आधीच दाबलेली की गाडीच्या वजनाने हलतच नाही. ब्रेकला मागचं चाक रस्ता सोडतं ते यामुळे, चाकाला खाली जायला जागाच ठेवलेली नाही. वजन धरून सॅग जास्त आणि रिकाम्याला शून्य, हे दोन्ही एकदम दिसलं की समजायचं स्प्रिंग त्या वजनाला मऊ आहे. उलट वजन धरून सॅग बरोबर येतोय पण रिकामी गाडी ३०-३५ बसतेय असं असतं तर स्प्रिंग जास्त कडक.

आता प्रश्न तुम्हालाच. गाडी बहुतेक वेळा एकट्याने चालवता की दोघं? कारण स्प्रिंग एकच बसणार, तीही एका वजनाला बरोबर बसणार, दुसऱ्याला तडजोड.

घाटवाट_भांडुप

ऑफिस बीकेसीला आहे पण मी भांडुपवरून लोकलनेच जातो, गाडी आठवड्यातून एखाद्या वेळी. ३८ हजारातले तीस तरी दोघांनी केलेले असतील. ती मागे नसेल तर मी लांब जातच नाही.

नट_बोल्ट_ठाणे

मग उत्तर तुमचं तुम्हीच दिलंत. स्प्रिंग तिच्यासाठी घ्यायची.

रायगड_रायडर

माझं मत थोडं वेगळं आहे आणि राग मानू नका. ३८ हजार झालेत, आतलं तेल एकदाही बदललं नसणार. या वयाच्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग टाकली तर स्प्रिंग जोरात उसळी मारणार आणि जुनं पातळ झालेलं तेल ती उसळी थोपवू शकणार नाही, मागचा माणूस आधी आदळत होता तो आता उडेल. मी हे केलंय, महाडच्या पुढे कशेडीत प्रत्येक वळणाच्या मधोमध गाडी हेलकावत होती, बोगदा व्हायच्या आधीची गोष्ट. शेवटी पूर्ण शॉकअप घेतला तेव्हा सुटलो. पैसे साठवा, सहा महिने थांबा, एकदाच नीट करा.

नट_बोल्ट_ठाणे

रायगड दादा, तेलाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, तो मी लिहायला हवा होता. पण त्यासाठी पूर्ण शॉकअप कशाला? रॉडला ओरखडा नसेल, क्रोम उडालं नसेल, तर सील, तेल आणि नायट्रोजन नवीन करून मिळतं, आणि स्प्रिंग निघालेली असतानाच ते करायचं म्हणजे काम एकदाच उघडतं. फक्त ते घरी नाही. शॉकअपच्या आत दाबाचा नायट्रोजन असतो, तो सोडायला आणि परत भरायला सामान लागतं. नुसता व्हॉल्व्ह दाबून बघायला जाऊ नका.

आणि स्प्रिंग कडक झाली की रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत येतो ते ठरवणारा, स्क्रू घट्ट करावा लागेल. शॉकअपच्या खालच्या टोकाला असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की परत येणं हळू होतं. आत्ता तो कुठे आहे ते पूर्ण बंद करत क्लिक मोजून लिहून ठेवा, मग तिथपासून पुढे जा, दर वेळी एक-दोन क्लिकच.

तार_आणि_वळसे_वसई

मी ३१ वर्षं स्प्रिंगच्या धंद्यात आहे, वसईला गाळा आहे, आता मुलगा बघतो. इथे फार लिहीत नाही पण "एक वळसा कापू" हे वाचलं आणि राहवलं नाही.

मित्रा, वळसा कापला तर स्प्रिंग कडक होते हे खोटं नाही. सहा चालते, म्हणजे दबताना खरंच हलणारे, वळसे असतील आणि एक काढला तर वीस टक्के कडक होईल, हिशोबाने. पण स्प्रिंगची दोन्ही टोकं बघ कधी, शेवटचा वळसा बंद केलेला असतो आणि दगडावर घासून सपाट केलेला असतो, म्हणून ती सीटवर काटकोनात बसते. कापलेलं टोक तिरकं बसतं, जोर एका बाजूला पडतो, तो जोर रॉड आणि सील सहन करतात, आणि चार-सहा महिन्यात तेल गळायला लागतं. शिवाय लांबी कमी होते, मग प्रीलोडची कॉलर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाची रिंग, कितीही फिरवा. आणि काही लोक गॅसवर तापवून वळसे जवळ-लांब करतात, ते तर कोणी करत असेल तर तिथून गाडी घेऊन उठून यावं. स्प्रिंगचा जीव तिच्या टेंपरमध्ये, म्हणजे भट्टीत आणलेल्या कडकपणात असतो, लाल केली की ती स्प्रिंग राहत नाही, सळई होते.

कुर्ल्याच्या जुन्या स्प्रिंगबद्दल, मिळेलही, पण तिची ताकद कोणाला माहीत? नुसतं जाड दिसणं उपयोगाचं नाही. ताकद तीन गोष्टींवर ठरते, तारेची जाडी, वळशाचा व्यास आणि चालत्या वळशांची संख्या. यात तारेची जाडी चौथ्या घाताने लागते. म्हणजे समज, १२ मिमी तार, आतला व्यास ६०, सहा चालते वळसे, तर एक मिमी दाबायला साधारण ९१ न्यूटन, म्हणजे सव्वानऊ किलो. तार फक्त अर्धा मिमी वाढवून साडेबारा केली, आतला व्यास तोच, तर ती १०५ वर जाते. अर्ध्या मिमीत पंधरा टक्के, आणि अर्धा मिमी तर पावडर कोटिंगखाली डोळ्याला दिसत पण नाही. म्हणून व्हर्नियर लावल्याशिवाय आणि रंग खरवडल्याशिवाय कोणी "ही कडक आहे" म्हणाला तर मान हलवायची नाही.

तुझ्या शॉकअपवरची स्प्रिंग काढलीस की मला एवढं मोजून दे, तारेची जाडी, आतला व्यास वर आणि खाली दोन्हीकडे, मोकळी लांबी, एकूण वळसे. मग सांगतो.

घाटवाट_भांडुप

काका, खूप आभार. गाळा एलबीएस रोडच्या मागच्या बाजूला एक सापडलाय, तिथे एक मिस्त्री फक्त शॉकअपचंच काम करतात. शनिवारी शॉकअप उतरवून घेऊन जातो. उतरवणं घरी जमेल ना?

नट_बोल्ट_ठाणे

उतरवणं जमेल. गाडी डबल स्टँडवरच हवी, पॅडॉक स्टँड चालणार नाही, तो स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यालाच उचलतो म्हणजे शॉकअपवर वजन तसंच राहतं. पुढचं चाक पट्ट्याने बांधा, पुढच्या ब्रेकची लिव्हर रबरने आवळून ठेवा. मागच्या चाकाखाली प्लायचे तुकडे एकावर एक असे सरकवा की चाक जेमतेम टेकेल, मग बोल्टवरचा ताण जातो आणि तो बोटाने निघतो, हातोडी लागली तर समजा प्लाय कमी-जास्त झालाय.

पण स्प्रिंग घरी काढू नका. शॉकअप हातात घेतला, गाडीतून बाहेर, तरी स्प्रिंग आत वीस मिमी दाबलेली असू शकते, म्हणजे १८० किलोच्या वर जोर तुमच्या मांडीवर ठेवलेला आहे. दोरी, क्लॅम्प, गाडीच्या जॅकचा जुगाड, यातलं काही नाही.

दोन_चाकं_गिरगाव

सगळे ताकदीचं बोलताय, मी उंचीचं बोलते कारण मी त्यात पडलेय, अक्षरशः पडलेय.

मी पाच फूट दोन इंच. दोन वर्षांपूर्वी माझ्या टूररला कडक स्प्रिंग टाकली, सामान जास्त असतं म्हणून. गाडी छान झाली, पण मी एकटी बसल्यावर आधी जितकी दबायची तितकी दबेना, सीट पंधरा मिमी वर राहिली. वाचायला काहीच नाही पंधरा मिमी, पण केम्प्स कॉर्नरच्या चढावर सिग्नलला थांबल्यावर आधी चवडा टेकायचा तिथे बोटांची टोकं टेकायला लागली.

आणि दुसरं, साइड स्टँड. मागची बाजू वर आली की गाडी साइड स्टँडवर जास्त कलते. आमच्या गल्लीत रस्ता मधोमध फुगीर आहे, नेहमीच्या जागी लावली, वर गेले, दहा मिनिटांनी खालून हाका, गाडी डाव्या बाजूला आडवी, आरसा आणि क्लचची लिव्हर तुटलेली. कोणी मध्ये नव्हतं हे नशीब, तिथे मुलं खेळत असतात. तेव्हा स्प्रिंग बदलल्या दिवशीच गाडी सपाट जागी साइड स्टँडवर लावून हलवून बघा. चेन परत मोजा. आणि रात्री भिंतीसमोर हेडलाइट बघा, आधी सामान टाकल्यावर मागची बाजू बसायची म्हणून तुम्ही दिवा खाली करून घेतला असेल, आता तो फारच जवळ पडेल.

वहिनींना बसता-उतरता येतंय ना तेही बघा. कंबर दुखणाऱ्याला पाय टाकायची उंची दोन बोटं वाढली तरी जाणवते.

घाटवाट_भांडुप

ताई, हे शेवटचं डोक्यातच नव्हतं आलं. नक्की बघतो. काका, मोजमाप आलं. तार १२, आतला व्यास वर-खाली दोन्हीकडे ६०, मोकळी लांबी २००, एकूण वळसे पावणेआठ. मिस्त्रींनी मोजायला स्प्रिंग काढली तेव्हा मी समोर होतो. त्यांनी आधी स्प्रिंग दाबायचा दोन हुकांचा कॉम्प्रेसर लावला होता, एक हुक पावडर कोटिंगवरून केसभर सरकला, नुसता टिक असा आवाज आला. त्यांनी लगेच हात काढले, पोरालाही मागे ओढलं, सगळं ढिलं केलं आणि मग जाळीच्या पिंजऱ्यातल्या हायड्रॉलिक प्रेसवर घेतलं. मला म्हणाले, घाई असेल तर दुसरीकडे जा. त्या वाक्यावर माझा विश्वास बसला त्यांच्यावर.

तार_आणि_वळसे_वसई

चांगला माणूस भेटला, सोडू नकोस.

चालते वळसे सहा धर, ताकद मी म्हटली तीच, ९१. तुमच्या दोघांच्या वजनाला सव्वापट हवी, साधारण ११५ न्यूटन. १३ ची तार, आतला व्यास ६० च, चालते वळसे सव्वासहा, एकूण आठ. लांबी २०० च ठेव. आता एक गोष्ट जी लोक विसरतात. आठ वळसे गुणिले १३ म्हणजे १०४, ही स्प्रिंग १०४ च्या खाली दाबलीच जात नाही, लोखंडावर लोखंड टेकतं. तुझ्या रॉडचा स्ट्रोक, म्हणजे तो पूर्ण किती आत जातो ते, ६२ च्या आसपास असेल, बसवतानाचा प्रीलोड १६, नॉबचा १०, म्हणजे शेवटी लांबी ११२. वर आठ मिमी उरतात, एकेका वळशाला मिलिमीटरभर. पुरे आहे, पण याहून जाड तार मागितलीस तर उरणार नाही, आणि मग खड्ड्यात स्प्रिंगच बंद होऊन दणका फ्रेमला जाईल.

तयार मिळत असेल तर तयार घे. आयबाख, ओहलिन्स यांच्या स्प्रिंग ताकदीच्या आकड्यांनी मिळतात. फक्त एकक नीट बघ, कोणी न्यूटनमध्ये लिहितं, कोणी किलोत, अमेरिकेचा माल पाउंड-इंचात. ११५, ११.७ आणि ६५७ हे तिन्ही एकच आहेत. चुकीच्या आकड्याने मागवून माझ्याकडे रडत आलेले लोक मी पाहिलेत.

इथे बनवून घेणार असशील तर विचारायचं ते असं. तार क्रोम-सिलिकॉनची आहे का, वळल्यावर भट्टीत ताण काढला का, दोन्ही टोकं ग्राइंड केली का, शॉट पीनिंग, म्हणजे वरून बारीक छर्र्यांचा मारा, केलं का, आणि चार-पाच वेळा पूर्ण दाबून प्रीसेट केली का. प्रीसेट न केलेली स्प्रिंग पहिल्या हजार किलोमीटरमध्ये पाच-सात मिमी बसते आणि माणूस म्हणतो फसवलं. रंग पावडर कोटिंग. झिंक प्लेटिंग चकचकीत दिसतं पण त्यात हायड्रोजन तारेत शिरतो, नीट भाजून बाहेर काढला नाही तर चांगली स्प्रिंग काचेसारखी तुटते. आणि दहा, वीस, तीस मिमीला किती किलो आले त्याचा कागद मागून घे.

घाटवाट_भांडुप

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. झालं काम.

तयार स्प्रिंग त्याच आकड्याची मिळाली, ११५, आतला व्यास ६०. मिस्त्रींनी आतलं तेल काढलं ते बघायला बोलावलं होतं, काळं, पाण्यासारखं पातळ, आणि जळकट वास. सील, तेल, नायट्रोजन सगळं नवीन केलं. रायगड दादा, तुमचं ऐकलं नसतं तर हे तसंच राहिलं असतं.

एक गोष्ट मात्र कोणीच लिहिली नव्हती म्हणून मुद्दाम लिहितो. शॉकअप निघाल्यावर स्विंगआर्म मोकळा हाताने वर-खाली करून बघितला तर मध्येच करकर लागत होती. लिंकेजचे बोल्ट काढले, आतली बाही बाहेर ओढली आणि तिच्याबरोबर हातावर केशरी पूड सांडली. सुई बेअरिंगच्या बारीक सुया होत्या त्यातल्या अर्ध्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या, एक तर चिमटीत धरली आणि तिचे दोन तुकडे झाले. चार पावसाळे, खाऱ्या हवेत उघड्यावर पार्किंग, आणि ग्रीस एकदाही नाही, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे आणि मी वाचलं नव्हतं. नुसती स्प्रिंग बदलून बसवली असती तर गाडी अडकत अडकतच हलली असती आणि मी स्प्रिंगला दोष देत बसलो असतो. बेअरिंग नंबर घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेलो, दुसऱ्याच दुकानात मिळाली, सीलही तिथेच. मिस्त्रींनी प्रेसवर बसवून दिली, बाहीला ग्रीस मी स्वतः भरलं, बोटाने, सुयांच्या फटीफटीत.

शॉकअप घरी चढवला. लिंकेजचे बोल्ट आधी नुसते हाताने लावले, मग सगळे मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने.

परत तेच मेव्हणा, भाचा, तांदूळ. नॉब कमीवर, रिकामी गाडी १२ मिमी बसते. मी एकटा ४३. दोघं, पॅनियर, नॉब जवळपास फुल्ल, दोन क्लिक हातात राखून, ६१. म्हणजे ३६ टक्के. रिबाउंड आधीपेक्षा तीन क्लिक घट्ट केलाय, चौथा करून बघितला तर जवळजवळच्या खड्ड्यांवर मागची बाजू वर यायला वेळ घेऊन खालीच राहायला लागली, म्हणून परत तीन.

ताई, साइड स्टँड हलवून बघितला, आमच्याकडे सपाट आहे तरी गाडी जास्त कललेली वाटली, आता रोज गिअरमध्ये टाकून लावतो आणि उताराला लावतच नाही. हेडलाइट वर घेतला. आणि बायकोला बसायला खरंच त्रास होत होता, तर ती आता आधी डाव्या फूटपेगवर उभी राहून मग पाय टाकते, मी तोपर्यंत दोन्ही पाय टेकून गाडी धरतो.

रविवारी जुन्या हायवेने खंडाळ्यापर्यंत जाऊन आलो, दोघं, सामानासकट. पनवेल सोडल्यावर एक स्पीडब्रेकर आहे, रंग पार उडालेला, मला उशिरा दिसला. मी हँडल घट्ट धरून दात आवळले, सवयीने. गाडी खाली गेली, वर आली, एकदाच, आणि संपलं. मागून आवाज नाही, काही नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, मघाशी ब्रेकर होता का? बोरघाट चढताना तिने माझ्या जॅकेटची पकड सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, आरशात दिसत होते.

दोन_चाकं_गिरगाव

वाचून फार बरं वाटलं. चेन मोजली का? तुम्ही सगळं लिहिलंत, चेनचं लिहिलं नाहीत.

घाटवाट_भांडुप

नाही मोजली ताई, खरंच राहिली. आज संध्याकाळी मोजतो.

तार_आणि_वळसे_वसई

चेन आजच मोज, ताण जास्त असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगला लागतं.

आणि हजार किलोमीटरनंतर रिकाम्या गाडीचा सॅग परत घे. १२ चे १३-१४ झाले तर ठीक, स्प्रिंग आपली जागा घेते. १८ झाले तर मिस्त्रींना दाखव. लिंकेजचे बोल्टही तेव्हाच एकदा टॉर्क पान्याने तपास. जुनी स्प्रिंग टाकू नकोस, तेल चोळून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ आणि वर मार्करने ९१ लिहून ठेव.

घाटवाट_भांडुप

चेन मोजली काका. मॅन्युअलपेक्षा सात मिमी घट्ट निघाली, ढिली केली. जुनी स्प्रिंग गुंडाळून माळ्यावर ठेवली, आकडा लिहून.